सतरा नंबरचा नमुना

बाबांचा आजार काय आहे हे कळायच्या आधी त्यांच्या दोन दाढा गेल्या. पहिली काढताना दातांचे डॉक्टर म्हणाले, मुळाशी पू असणार. पू नव्हता. दुसरी काढल्यावर ते काहीच म्हणाले नाहीत. दुखणं होतं तिथेच राहिलं, उजव्या नाकपुडीपासून कानापर्यंत, आणि बाबांनी त्या बाजूने घास चावणं सोडून दिलं.

बाबा सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीतल्या एका मराठी शाळेत शिक्षक होते. मराठी आणि इतिहास शिकवायचे. आजोबा परभणीकडची जमीन भावाच्या हवाली करून हैदराबादला आले आणि जन्मभर अंगमेहनतीची कामं करत राहिले. आमच्या घरात खडूवर पोट भरणारा पहिला माणूस म्हणजे बाबा. वर्गात ते कधी बसत नसत. बाकांमधून फेऱ्या घालत कविता म्हणायचे, पुस्तक न उघडता. मी त्याच शाळेत शिकले. आमच्या वर्गात गणित चालू असलं तरी पलीकडून बाबांचा आवाज भिंतीतून यायचा आणि मुलं माझ्याकडे बघून हसायची.

तो आवाज आधी घरातून गेला. शाळेसाठी राखून ठेवावा तसा त्यांनी तो ठेवला. घरी आले की मानेने हो-नाही म्हणायचे. काही मागायचं असलं तर बोट दाखवायचे. पंख्याच्या वाऱ्यानेही गालात कळ उठायची, म्हणून नारायणगुड्याच्या आमच्या दोन खोल्यांत पंखा बंद झाला. मे महिन्यात आम्ही तिघं घामाने निथळत बसायचो आणि कुणी काही बोलायचं नाही. दाढी आठवड्यातून एकदा, तीही डाव्या बाजूची आधी, उजव्या बाजूची जमली तर.

शेवटी एका मोठ्या दवाखान्यातल्या नसांच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची जी मुख्य नस असते ती बिघडते, आणि साधा स्पर्शही मेंदूकडे विजेच्या झटक्यासारखा पोचतो. दात चांगले असतात, गाल चांगला असतो, बाहेरून काही दिसत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कसं दुखतं?" बाबा मराठीचे शिक्षक. त्यांनी बराच वेळ शब्द शोधला आणि म्हणाले, "तार लावल्यासारखं." फिटवर देतात तीच गोळी त्यांना सुरू झाली. सकाळी एक, संध्याकाळी एक. मग डोस वाढवला. आई स्वतः तळहातावर गोळी ठेवून द्यायची.

त्याच सुमारास मला नोकरी लागली. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून मी वर्षभर घरी होते. नव्वदचं दशक अर्धं सरून गेलं होतं. आमच्या रस्त्यावर दर दोन महिन्यांनी कॉम्प्युटर क्लासची एक नवी पाटी लागायची. माझ्या बरोबरीच्या मुली अमीरपेटला जाऊन कसले कसले कोर्स करत होत्या आणि अमेरिकेची भाषा बोलत होत्या. मी एका संशोधन संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले. बाजार खुला झाल्यावर परदेशी यंत्रं सहज येऊ लागली होती. आमच्या प्रयोगशाळेतही एक आलं होतं. त्याला काय खायला घालायचं याचा शोध चालू होता, असं तिथले जुने लोक थट्टेने म्हणायचे.

सर तेलुगू होते. आमचं बोलणं इंग्रजी आणि हिंदी मिसळून चालायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "लघवी हाताळायची किळस येईल का?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी काम सांगितलं. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असलेल्या लोकांच्या लघवीतली प्रथिनं बघायची. निरोगी माणसांत नसलेलं एखादं प्रथिन तिथे सापडलं तर उद्या निदान सोपं होईल, लोकांच्या दाढा फुकट जाणार नाहीत.

"दाढा" हा शब्द त्यांनी वापरला तेव्हा मी घरचं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. नोकरी हवी होती.

"पण लघवीच का, सर?" मी विचारलं.

"रक्त टापटिपीचं असतं," ते म्हणाले. "काही कमीजास्त झालं की लगेच सावरून घेतं. जे नको ते बाहेर टाकतं. कुणाच्या घरात काय चाललंय ते दिवाणखान्यात बसून कळत नाही. मागच्या दाराला काय टाकलंय ते बघावं लागतं."

माझं काम पहाट उलटली की सुरू व्हायचं. सकाळची लघवी लागायची आणि रोगी दवाखान्यात यायचे दुपारी, म्हणून मीच घरोघर जायची. जुनी लुना होती. पुढे बर्फाचा डबा बांधलेला. त्यात झाकणाच्या बाटल्या, प्रत्येकीवर नुसता नंबर. नाव आणि नंबर यांची वही माझ्याकडे; नमुने तपासणाऱ्या सरांना फक्त नंबर दिसायचा, म्हणजे मन आधीच एका बाजूला झुकायला नको. बाटलीबरोबर एक फॉर्म भरायचा: दुखणं कुठल्या बाजूला, कशाने उठतं, दिवसातून किती वेळा, झटका किती सेकंद, औषध कोणतं.

बेगम बाजारात मिरचीच्या ठोक दुकानाच्या वर एक बाई राहायच्या, साठीच्या पुढच्या. जिन्यावरच शिंका सुरू व्हायच्या. त्या अर्ध्या चेहऱ्यावरून दुपट्टा घट्ट ओढून बसलेल्या असत, वारा लागू नये म्हणून. पहिल्या दिवशी मी बाटली पुढे केली तर त्या बाटलीकडे बघत राहिल्या.

"दरद मुंह में है, बेटी," त्या म्हणाल्या. "तुम लोगां नीचे कैकू ढूंढ रे?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं, आणि हसण्यानेच कळ उठली. त्यांनी डोळे मिटले, एक हात हवेत तसाच राहिला. मी घड्याळाकडे पाहिलं. झटका संपल्यावर फॉर्मवर सेकंद लिहिले. मग त्या उठल्या, बाटली घेऊन आत गेल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, "ले. इसमें दरद मिला तो मेरे कू भी दिखाना."

महिन्याभरात मला सवय झाली. कोण कसं कळवळतं हे दिसायचं, पण ते फॉर्मच्या रकान्यात दिसायचं. वाईट वाटायला हवं होतं. पहिले काही दिवस वाटलं असेलही, आता आठवत नाही.

एका संध्याकाळी जेवताना बाबांना कळ आली. आईने भात मऊ कालवून दिला होता. तोंडाशी नेलेला घास त्यांच्या बोटांत राहिला आणि चेहऱ्याची उजवी बाजू आवळली गेली. आई ताटावरून अर्धी उठली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

कळ गेली. बाबांनी घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी ते घरात बोलले.

"किती झाले?"

"चौदा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. वर्गात एखाद्या मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचे तशी. आई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली, मग म्हणाली, "तुम्हा दोघांना काही लाजबिज?" आणि ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लुना काढत होते तेव्हा बाबा बाहेर आले. ओठ फारसे न हलवता बोलायची एक रीत त्यांनी शोधून काढली होती.

"तुझ्या कामाला माणसं पुरतात का?"

"नाही, बाबा. कमी पडतात."

"मग मी आहे की."

मी त्यांना बाटली दिली. वहीत पुढचा नंबर होता सतरा. सरांना निरोगी माणसंही लागायची, शक्यतो रोग्याच्याच घरातली, म्हणजे खाणंपिणं सारखं राहतं. तेव्हा आईचीही बाटली भरली गेली. "देवा, काय काय बघायचं राहिलंय," असं पुटपुटत तिने ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली.

बाटलीतलं ते पिवळं पाणी जेलपर्यंत, म्हणजे ज्यावर प्रथिनं वेगळी होतात त्या पातळ थरापर्यंत, न्यायला चार-पाच दिवस लागायचे. आधी जोरात फिरवून गाळ खाली बसवायचा. मग पातळ पिशवीत घालून पाण्यात ठेवायचं, म्हणजे क्षार निघून जातात आणि प्रथिनं आत राहतात. मग आटवायचं. उरलेला थेंब जेलवर चढवून वीज सोडायची. प्रथिनं आपापल्या वजनाप्रमाणे पांगतात. शेवटी चांदीच्या द्रावणात बुडवलं की पारदर्शक जेलवर तपकिरी ठिपके उमटू लागतात. कुणाच्याही लघवीत शेकडो ठिपके असतात. ते उमटताना बघायला मला आवडायचं. त्या काळात आवडणारी तेवढी एकच गोष्ट असावी.

पावसाळा संपता संपता सरांनी मला बोलावलं. टेबलावर उजेडाच्या पेटीवर जेल मांडलेली होती.

"इथे बघ," त्यांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं. डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ एक ठिपका, जाड, डोळ्यात भरणारा. "हा, हा, इथेही. आता हे दुसरे. दिसतो का? नुसती छाया."

मी वही उघडून नंबर ताडून पाहिले. ठिपका असलेले सगळे रोगी होते. बेगम बाजारच्या बाईंचा तर सगळ्यांत गडद. सर खुर्चीवरून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. इतक्या वर्षांत असं काही त्यांच्या हाताला लागलं नसावं. त्यांनी मला स्वतःच्या थर्मासमधली कॉफी दिली.

"एकच विचारायचं आहे," ते म्हणाले. "ठिपका नसलेल्यांत कुणी रोगी आहे का?"

"सतरा नंबर."

"त्यात ठिपका नाही हे नक्की. सगळेच दोनदा चालवून पाहिलेत. निदान चुकलेलं दिसतंय. दाताचं असेल, सायनसचं असेल. काढून टाक त्याला."

"सर, निदान बरोबर आहे."

"तुला कसं माहीत?"

"मी झटके मोजलेत त्यांचे," मी म्हटलं.

सरांनी खांदे उडवले. "मोजलेस म्हणून झालं नाही. उद्यापर्यंत बघ."

घरी जाताना लुना मी हाताने ढकलत नेली. काचीगुड्याच्या चौकात गर्दी होती, कुणाच्या तरी दुकानाचं उद्घाटन, मोठमोठ्याने गाणी. मी विचार करत होते तो अगदी सरळ होता. सगळ्या रोग्यांत ठिपका आहे, एका रोग्यात नाही. त्या एकात काय वेगळं आहे? वय नाही, बाजू नाही, खाणं नाही. फॉर्ममध्ये एक रकाना औषधाचा होता. सगळ्यांच्या पुढे तीच गोळी लिहिलेली होती. सतराच्या पुढेही मीच ती लिहिली होती, बाबांना न विचारता. आई रोज देते हे मला माहीत होतं.

बाबा पडवीत वह्या तपासत बसले होते. मी चप्पल न काढताच विचारलं, "बाबा, तुम्ही गोळी घेता ना?"

त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. आतल्या दाराकडे पाहिलं. आई स्वयंपाकघरात होती. मग मानेने नाही म्हणाले.

"कधीपासून?"

चार बोटं. चार महिने.

मला वाटलं मी ओरडेन. ओरडले नाही. मी पायरीवर बसले आणि म्हटलं, "का?"

ते बोलले तेव्हा थांबत थांबत बोलले, मध्ये दोनदा कळ आली, आणि दोन्ही वेळा मी घड्याळ पाहिलं नाही.

"डोस वाढवल्यावर डोकं जड व्हायला लागलं. शब्द सापडेनात. एके दिवशी वर्गात कविता म्हणत होतो. वीस वर्षं शिकवलेली. अर्ध्यात पुढची ओळच येईना. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने ती म्हणून दाखवली. तिला वाटलं मी परीक्षा घेतोय. मी शाबास म्हटलं तिला."

"डॉक्टरांना सांगायचं होतं."

"वर्गात आता अकरा मुलं आहेत. सगळे आईबाप इंग्रजी शाळेकडे निघालेत. व्यवस्थापनाला मराठी वर्ग बंद करायला निमित्तच हवं आहे. मास्तरला आठवत नाही, हे निमित्त मी देऊ का?"

"आणि वर्गात कळ आली तर?"

"फळ्याकडे तोंड करायचं. काहीतरी लिहीत राहायचं. मुलांना पाठ दिसते." त्यांनी लाल पेन पुन्हा उचललं. "शब्द हरवला तर कुठे तोंड करणार?"

गोळी ते आईच्या हातातून घ्यायचे, पाणी प्यायचे, आणि पाठ वळताच ती शर्टाच्या खिशात टाकायचे. शाळेत गेल्यावर मोरीत. मी आत गेले. आई भाकरी थापत होती. मी हळूच सगळं सांगितलं, म्हणजे तिला धक्का बसू नये.

तिने भाकरी तव्यावर टाकली. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"शर्ट कोण धुतं? खिशात पांढरी भुकटी असते रोज."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? घ्या म्हटलं तर घेतील. माझ्यासमोर गिळतील. मग शाळेत जाऊन उभे राहतील आणि आठवणार नाही." भाकरीवर पाणी फिरवत ती म्हणाली, "मी देते रोज. घ्यायची का नाही ते त्यांचं त्यांनी बघायचं."

म्हणजे जे आईला धुण्याच्या बादलीपाशी समजलं होतं ते मला समजायला परदेशी यंत्र, चांदीचं द्रावण आणि चार महिने लागले होते. त्या रात्री आम्ही रोजच्यासारखे जेवलो. मला काय वाटलं हे इथे लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. अंगाखाली दबून मुंग्या आलेला हात असतो, तसं आतून सगळं होतं. आपलंच, पण आपलं नसल्यासारखं.

सकाळी मी सरांच्या खोलीत गेले.

"सर, सतरा नंबर गोळी घेत नाही. फॉर्म चुकीचा भरला होता. चूक माझी आहे."

सरांनी पेन्सिल फिरवायची थांबवली. त्यांना लगेच कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. ठिपका दुखण्याचा नव्हता. गोळीचा होता. रोज ती गोळी पोटात गेली की शरीर एक प्रथिन जास्त बनवू लागतं आणि ते मागच्या दाराने बाहेर येतं. आम्ही औषध शोधून काढलं होतं, जे आमच्याच फॉर्मवर आधीपासून लिहिलेलं होतं.

"पण तो माणूस खोटं सांगत नसेल कशावरून?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील आहेत ते."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे आधी सांगायचं असतं."

"हो."

"गोळीशिवाय आहेत? या दुखण्यात?"

"हो."

"काय करतात?"

"शिकवतात."

 सर उजेडाच्या पेटीकडे वळले. ती पेटी विसरून चालूच राहिली होती. सतरा नंबर वहीतून खोडला असता तर ठिपका टिकला असता, निदान काही वर्षं तरी. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. शेवटी ते म्हणाले, "फिटवाल्यांचे नमुने आण. चेहऱ्याला काही नाही, पण गोळी हीच आहे, असे."

मी आणले. फिट येणाऱ्या लोकांची घरं, पुन्हा सकाळ, पुन्हा बर्फाचा डबा. त्यांच्यातल्या कुणाच्या गालाला कधी काही झालं नव्हतं. जेल चांदीत बुडवली आणि डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ ठिपका हळूहळू वर आला. सर शेजारी उभे होते. "छान आलाय," ते म्हणाले, आणि आपल्या खोलीत गेले. दार त्यांनी लावून घेतलं नाही, पण दिवसभर कुणी आत गेलं नाही.

बेगम बाजारच्या बाईंना मी सांगायला गेले. त्यांना कबूल केलं होतं म्हणून. दरद मिळाला नाही, फक्त तुमची गोळी मिळाली, असं मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं. त्यांनी दुपट्टा सावरला. "चलो," त्या म्हणाल्या, "गोली असली है, इत्ता तो पता चला." मी निघाले तेव्हा त्यांनी खालच्या दुकानातली अर्धा शेर मिरची बांधून दिली. नको म्हटलं तरी ऐकेनात.

सगळं कळल्यावर नसांचे डॉक्टर बाबांवर रागावले नाहीत. त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. गालातून एक लांब सुई आत नेऊन नसेच्या मुळाशी उष्णता द्यायची. दुखण्याचे धागे जळतात.

"पण नुसते दुखण्याचेच जळतील असं सांगता येत नाही," ते म्हणाले. "गाल बधिर होईल. बहुधा कायमचा."

"बोलता येईल?" बाबांनी विचारलं.

"येईल. ओठ जरा जड वाटेल."

"शब्द आठवतील?"

डॉक्टर हसले. "त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"मग बधिर चालेल," बाबा म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत ते झालं. आई आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत त्यांना मधून मधून जागं करून विचारत होते, इथे लावलं ते कळतंय का, इथे कळतंय का. बाबांचं उत्तर बाहेर ऐकू यायचं. आधी "हो", मग "थोडं", मग "नाही", मग पुन्हा "नाही". प्रत्येक "नाही"ला आई माझा हात दाबायची. ती वाईट बातमी समजून दाबत होती की चांगली, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी बाबांनी स्वतः उठून पंखा लावला. आम्ही तिघं त्याच्याखाली बसलो. थंडीचे दिवस होते. आईने शाल घेतली, पण बंद कर म्हणाली नाही.

दुखणं गेलं ते गेलंच. पुढच्या दहा-बारा वर्षांत एखाद्या वेळी गालात काही तरी हललं असेल, तेवढंच. पण अर्धा चेहरा त्यांचा राहिला नाही. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायचा आणि शर्टावर पडेपर्यंत कळायचं नाही. दाढी करताना कापायचं. भाताचं शीत गालाला चिकटून राहायचं आणि आई न बोलता पदराने टिपायची. शाळेत मात्र ते पुन्हा फेऱ्या घालू लागले. मी एकदा मुद्दाम त्या गल्लीतून गेले. खिडकीतून आवाज येत होता. काही अक्षरं जरा बोबडी, पण ओळीमागून ओळ न थांबता. मी कोपऱ्यावर उभी राहून संपेपर्यंत ऐकलं. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी लुना सुरू केली आणि गेले.

मराठी वर्ग त्यानंतर दोन वर्षांनी बंद झालाच. बाबांमुळे नाही, मुलंच उरली नाहीत. त्यांना निवृत्तीपर्यंत शाळेच्या नव्या इंग्रजी विभागात इतिहासाला बसवलं. आमचा प्रकल्पही संपला. सरांनी छोटासा अहवाल लिहिला, त्यात ठिपका कशामुळे येतो ते सरळ मांडलं, आणि पुढे काम करणाऱ्याने आधी औषध न घेतलेले रोगी शोधावेत असं म्हटलं. मला शहराबाहेरच्या एका औषध कंपनीत तपासणी विभागात नोकरी लागली. पांढरा कोट, बसची ने-आण, डबा.

अहवालाची प्रत मी घरी आणली होती. इंग्रजीत होती. बाबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली आणि म्हणाले, "मराठीत सांग."

मी सांगितलं. जेवता जेवता, सगळं, पहिल्या बाटलीपासून. ते मधे मधे प्रश्न विचारत होते. आजार कशाने होतो ते कळलं का? नाही. निदान सोपं झालं का? नाही.

"म्हणजे तुमच्या हातून होणारी चूक सापडली."

"हो."

"मी सांगितलं नसतं तर?"

"चूक छापली गेली असती."

"मग काम झालं की," ते म्हणाले आणि आईकडे वाटी सरकवून आणखी वरण मागितलं. आई वाढायला वाकली आणि तशीच थांबली.

"अहो, रक्त येतंय. आतून गाल चावलाय तुम्ही."

बाबांनी बोट ओठाला लावून पाहिलं. लाल होतं. "दुखत नाही," ते म्हणाले.

"दुखत नाही म्हणून तर सांगायला लागतंय," आई म्हणाली, आणि त्यांना चूळ भरायला मोरीपाशी घेऊन गेली.